‘तुंबाड’च्या कलापेटीची काच आतून पुन्हा पुन्हा धुरकट होते : कारणांची ओळख आणि कायमचा बंदोबस्त

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला. त्याच्या दृश्यांवरून घरी कलापेटी करणाऱ्यांची रचना बहुधा सारखीच असते : पुढे काच किंवा ॲक्रिलिकची पारदर्शक शीट, तिच्यामागे माउंट बोर्डाचे (जाड पुठ्ठ्याचे) कापीव थर, त्यांत पावसात भिजणारा वाडा, विहिरीचे तोंड, खाली सोडलेला दोर, आणि सर्वांत मागे लाल उजेडात दिसणारे देवीचे गर्भाशय. दिवा लावला की ही रचना फार सुंदर दिसते. मात्र काही आठवड्यांतच काच आतून धुरकट होऊ लागते. पेटी उघडून काच पुसली जाते, पेटी पुन्हा बंद होते आणि धुरकटपणा परत येतो. हा लेख या एकाच तक्रारीविषयी आहे.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की काच हे या दोषाचे स्थान आहे, कारण नव्हे. काचेवर जे काही जमते ते पेटीत आपण स्वतः बंद केलेल्या एखाद्या वस्तूतून निघालेले असते, आणि ती वस्तू आत असेपर्यंत कितीही वेळा पुसले तरी उपयोग होत नाही. म्हणून पुसण्याआधी त्या थराकडे नीट पाहावे, कारण पुसल्यावर पुरावाच नाहीसा होतो. खोलीतला दिवा मालवून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड काचेवर तिरपा पाडला, तर थराचा पोत स्पष्ट दिसतो. बारीक थेंब दिसत असतील आणि धुरकटपणा दिवसाच्या वेळेप्रमाणे येत-जात असेल, तर ते पाणी आहे. पांढरी, कोरडी, पिठासारखी साय असेल आणि ती कधीच कमी होत नसेल, तर ती झटपट चिकटणाऱ्या ग्लूची आहे. बोट फिरवल्यावर थर निघण्याऐवजी फासला जात असेल, तर तो तेलकट आहे. एका बिंदूपासून चारही बाजूंना धागे पसरल्यासारखे दिसत असतील, तर ती बुरशी आहे. एकाच पेटीत यांपैकी दोन प्रकार एकत्र असणे अगदी शक्य आहे. पाणी आणि बुरशी तर सहसा जोडीनेच येतात.

पाण्याचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि त्याचाच अर्थ सर्वांत चुकीचा लावला जातो. ‘पेटीत दमट हवा अडकली’ असे सर्रास म्हटले जाते, पण हिशेब केला तर हवेचा वाटा नगण्य ठरतो. ३० बाय ४० सेंटिमीटरची आणि १० सेंटिमीटर खोल पेटी घेतली, तर तिच्यात सुमारे १२ लिटर हवा मावते. ३० अंश सेल्सिअसला पूर्ण संपृक्त हवेतही घनमीटरमागे ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प असते, म्हणजे आपल्या पेटीतल्या हवेत अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी पाणी असते. आता कागद, माउंट बोर्ड आणि एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीची) चौकट पाहा. हे पदार्थ भोवतालच्या आर्द्रतेप्रमाणे पाणी शोषतात, आणि ८० टक्के आर्द्रतेत त्यांच्या वजनाच्या साधारण दहा टक्के पाणी त्यांच्यात मुरलेले असते. पेटीतला असा ऐवज एक किलोच्या घरात असेल, तर शंभर ग्रॅमच्या आसपास पाणी आपण काचेआड कोंडलेले असते. हाताला हे थर पूर्ण कोरडे लागतात, आणि फसगत होते ती इथेच.

हे पाणी काचेवर कसे येते, तेही समजून घेणे आवश्यक आहे. पेटी सगळीकडून एकसारखी थंड झाली, तर हवेतले जास्तीचे बाष्प कागदच परत शोषून घेतो आणि काचेवर काही दिसत नाही. अडचण होते ती काच आणि कागद यांच्या तापमानात फरक पडतो तेव्हा. मागच्या एलईडी पट्टीने थर कोमट होतात आणि बाष्प सोडतात, तर समोरची काच वातानुकूलन यंत्राच्या झोतासमोर गार पडलेली असते. मुंबईत जुलैमध्ये हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते तो बिंदू, २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्या हवेत बनवून बंद केलेल्या पेटीची काच एसीमुळे २३ अंशांवर आली की तिच्यावर दव धरणे ठरलेलेच आहे. खोलीतली हवा एसीमुळे कोरडी असते, त्यामुळे पेटीच्या मालकाला या धुरकटपणाचे कोडे अधिकच पडते. पुण्यात हाच प्रकार पावसाळ्यात बांधलेल्या पेटीच्या बाबतीत हिवाळ्यात, खिडकीजवळच्या भिंतीवर पहाटे दिसतो, कारण तिथे काच आधी थंड होते आणि आतला कागद नंतर.

खात्री करायची असेल तर एक साधी चाचणी पुरेशी आहे. दिवा रात्रभर बंद ठेवावा, सकाळी काच पाहावी, मग दिवा लावून दोन-तीन तासांनी पुन्हा पाहावी. दिवा लागल्यावर धुरकटपणा वाढत असेल, किंवा कडांपासून सुरू होऊन मध्याकडे सरकत असेल, तर पाणी थरांमधूनच येत आहे, यात शंका ठेवू नये.

उपाय म्हणजे सगळे थर सुटे करून खरोखर कोरडे करणे. त्यासाठी कडक ऊन वापरू नये, कारण माउंट बोर्ड वाकडा होतो आणि लाल रंग उडतो. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्यावा, त्यात थर आडवे, एकमेकांपासून थोडे दूर ठेवावेत आणि सोबत २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल उघड्या वाटीत ठेवावे. चपलांच्या खोक्यातून निघणारी पाच ग्रॅमची पुडी इथे काहीही करू शकत नाही, कारण सिलिका जेल मध्यम आर्द्रतेत आपल्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा पाणीच धरून ठेवते आणि आपल्याला थरांत मुरलेल्या शंभरेक ग्रॅमपैकी तीस-चाळीस ग्रॅम पाणी बाहेर काढायचे आहे. सिलिकाऐवजी तांदूळ वापरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, तोही मानू नये, कारण तांदूळ फारसे पाणी ओढत नाही आणि बुरशीला मात्र चांगले अन्न पुरवतो.

कोरडे झाले हे ठरवायचे कसे, याचे सर्वांत भरवशाचे साधन स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आहे. सगळे थर एकत्र ठेवून रोज एकाच वेळी वजन करावे आणि आकडा लिहून ठेवावा. पहिल्या दिवसांत वजन झपाट्याने उतरते, मग उतार मंदावतो, आणि लागोपाठ दोन-तीन दिवस एका ग्रॅमचाही फरक पडला नाही म्हणजे डब्यातल्या हवेशी थरांचा मेळ बसला असे समजावे. सोबत डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवला तर तो ४५ ते ५० टक्के दाखवायला हवा. स्वस्त मापक पाचेक टक्क्यांनी चुकतात, म्हणून आधी त्यांची पारख करावी : वाटीत खाण्याचे मीठ आणि जेमतेम ओले होईल इतके पाणी घेऊन ती वाटी मापकासह घट्ट डब्यात काही तास ठेवली, की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक जितका कमी-जास्त दाखवेल तितकी त्याची चूक धरावी.

मिठाचा हाच गुण या चित्रपटाच्या पेटीत वेगळाच घोळ घालतो. चित्रपटात हस्तर हा त्या देवीचा लोभी मुलगा. त्याला भुलवून सोन्याच्या मोहरा मिळवण्यासाठी कथानायक विनायक कणकेची बाहुली घेऊन विहिरीतून खाली गर्भाशयात उतरतो आणि पिठाचे रिंगण आखून त्यात उभा राहतो. अस्सलपणाच्या ओढीने ही बाहुली खऱ्या कणकेची करावीशी वाटते, आणि शेवटच्या प्रसंगाची पेटी असेल तर बाहुल्यांची संख्याही वाढते. कणीक टिकावी म्हणून तिच्यात भरपूर मीठ घालून ती भट्टीत सुकवली जाते. सुकल्यावर ती दगडासारखी कडक होते, पण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. पावसाळ्यात अशा बाहुलीला अक्षरशः पाझर फुटतो, तिच्या पायाशी ओलसर डाग पडतो आणि नेमकी तिच्या समोरचीच काच सर्वांत जास्त धुरकटते. धुरकटपणा काचेच्या एकाच भागात, बाहुलीच्या उंचीला दिसत असेल, तर बाकी काही तपासण्याआधी बाहुली बाहेर काढावी. तिच्या जागी एम-सीलसारख्या इपॉक्सी पुट्टीची बाहुली करावी. ती ओली असतानाच पृष्ठभागावर कोरड्या कापडाचा ठसा उमटवला आणि वर फिकट बदामी रंग दिला, तर कणकेशी तिचे साम्य इतके जुळते की काचेमागून फरक ओळखू येत नाही. रिंगणासाठीही खरे पीठ वापरू नये. बारीक संगमरवरी भुकटी इपॉक्सीच्या पातळ थरावर भुरभुरली, तर ती सांडतही नाही आणि किडतही नाही.

विहिरीच्या भिंतींसाठी प्लॅस्टर ऑफ पॅरिस वापरले असेल, तर त्याकडेही संशयाने पाहावे. ते अर्ध्या तासात घट्ट होते, पण घट्ट होणे म्हणजे सुकणे नव्हे. रासायनिक क्रियेसाठी १०० ग्रॅम भुकटीला सुमारे १९ ग्रॅम पाणी पुरते. आपण मिसळतो ते साठ-सत्तर ग्रॅम, आणि उरलेले सगळे पाणी हळूहळू उडून जावे लागते. जाड भागाला यासाठी आठवडा किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. इथेही वजनकाट्याचीच साक्ष घ्यावी. फेव्हिकॉलने थर चिकटवताना पूर्ण पृष्ठभागावर लेप दिला, तर मधल्या भागातले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून थरांच्या मध्ये फोमच्या दुहेरी चिकट पट्ट्या वापरणे अधिक चांगले.

आता पांढऱ्या सायीविषयी. सायनोॲक्रिलेट जातीचा झटपट चिकटणारा ग्लू वाळताना त्याचे बाष्प हवेत जाते आणि जवळच्या पृष्ठभागावर बसून पांढऱ्या कठीण थरात रूपांतरित होते. ग्लू जास्त ओतला, हवा दमट असली आणि जागा बंदिस्त असली, म्हणजे हा प्रकार बळावतो. घाईने पेटी बंद करणाऱ्यांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. याची एक खूण अचूक आहे. शीटच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे, त्यांच्या रेषा-रेषांसह, पांढरे उमटलेले दिसतात. गुन्हे अन्वेषणात पुराव्याच्या वस्तूवरील अदृश्य ठसे उमटवण्यासाठी याच बाष्पाचा उपयोग करतात, कारण ते बोटाच्या घामातल्या ओलाव्यावर आणि क्षारांवर आधी बसते. तेव्हा काचेवर स्वतःचेच ठसे पांढऱ्या रंगात दिसले, तर आर्द्रतेचा शोध घेत बसू नये. कारण ग्लू हेच आहे.

ही साय साबणाच्या पाण्याने जात नाही. पुढचा पृष्ठभाग खऱ्या काचेचा असेल, तर काच चौकटीतून काढून, कलाकृतीपासून दूर नेऊन, ॲसिटोन लावलेल्या कापडाने पुसावी. तो ॲक्रिलिकचा असेल, तर ॲसिटोनला हातही लावू नये, कारण ॲसिटोनने ॲक्रिलिक विरघळून कायमचे पांढरे पडते. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडांना तर साध्या स्पिरिटनेही बारीक चिरा पडतात. हलकी साय प्लॅस्टिक पॉलिशने निघते, जाड असेल तर नवी शीट कापून घेणेच शहाणपणाचे आहे. शीट बदलण्याआधी ज्या जोडांवर ग्लू लावला होता ते पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस उघडे ठेवावेत, नाहीतर नव्या शीटचीही तीच गत होईल. माझे स्पष्ट मत असे आहे की काचेमागच्या पोकळीत हा ग्लू वापरूच नये. मोहरांचा ढीग, दोराची गाठ, विहिरीचा काठ यांसाठी अराल्डाइटसारखा दोन भागांचा इपॉक्सी पुरेसा वेळ देतो आणि अशी साय धरत नाही.

सोन्याच्या मोहरांचा विषय निघालाच आहे, तर एक जोडगोष्ट सांगणे भाग आहे. काच चौकटीत बसवताना सिलिकॉन सीलंट लावला असेल आणि त्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर तो ॲसिटिक आम्ल सोडणारा प्रकार आहे. बंद पेटीत त्या आम्लाने मोहरा म्हणून ठेवलेल्या पितळी आणि तांब्याच्या नाण्यांवर हिरवट कळंक चढतो. न्यूट्रल क्युअर असे लिहिलेला सीलंट घ्यावा. तो दिवसाला दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंतच घट्ट होतो, हे ध्यानात ठेवून मगच पेटी बंद करावी.

तेलकट थर बहुधा एनॅमल रंग, स्प्रे वॉर्निश किंवा पीव्हीसीच्या मऊ शीटमधून येतो. नव्या मोटारीच्या पुढच्या काचेवर आतून जो चिकट थर धरतो, तोच हा प्रकार. साबणाच्या कोमट पाण्याने तो निघतो, आणि रंगवलेले भाग वास पूर्ण जाईपर्यंत उघड्यावर ठेवले की परत येत नाही. पावसाळ्यात ओतलेल्या इपॉक्सीवर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो, तोही कोमट पाण्याने धुऊन, वाळवून मगच तो भाग आत घ्यावा.

बुरशीच्या बाबतीत मात्र घाई करू नये. पेटी गॅलरीत किंवा मोकळ्या हवेत, तोंडावर मास्क लावून उघडावी. काच आणि रंगवलेले कठीण भाग ७० टक्के अल्कोहोलने पुसावेत. ॲक्रिलिकची शीट असेल तर ती केवळ साबणाच्या पाण्याने धुवावी. ज्या कागदात बुरशी मुरली आहे तो थर टाकून नव्याने कापावा, वरून रंग देऊन झाकू नये. खळीने चिकटवलेल्या कागदावर ती सर्वांत आधी धरते. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालत आले आहेत ते याच कारणासाठी, पण मोरचूद विषारी आहे आणि घरात लहान मुले असतील तर खळच टाळणे बरे.

सगळे कोरडे आणि स्वच्छ झाल्यावर पेटी पूर्वीसारखीच बांधली, तर पुढच्या पावसाळ्यात हीच कामे पुन्हा करावी लागतील, म्हणून रचनेत काही बदल करावेत. पहिला बदल उजेडाचा. पेटीच्या कडेने साधारण १.४ मीटर पट्टी लागते. ५०५० जातीची, मीटरला ६० दिव्यांची पट्टी मीटरमागे १४.४ वॉट घेते, म्हणजे बंद पेटीत २० वॉटचा शेगडीवजा भार होतो. ३५२८ जातीची तितक्याच दिव्यांची पट्टी ४.८ वॉट घेते आणि भार ७ वॉटच्या आत राहतो. गर्भाशयाच्या दृश्याला मंद, खोल लाल उजेडच शोभतो, त्यामुळे कमी वॉटची पट्टी घेऊन काहीही गमावले जात नाही. ही पट्टी कलाकृतीच्या पोकळीत न ठेवता मागे वेगळा कप्पा करून त्यात ठेवावी आणि दोहोंच्या मध्ये दुधी ॲक्रिलिकची शीट बसवावी. मागच्या कप्प्याला खाली आणि वर छिद्रे पाडून बारीक जाळी लावावी, म्हणजे उष्णता बाहेर जाईल आणि पाखरे आत येणार नाहीत.

कलाकृतीचा पुढचा कप्पा मात्र घट्टच ठेवावा, असे माझे मत आहे. तोही हवेशीर ठेवावा असे सांगणारे लोक आहेत, आणि नागपूरसारख्या ठिकाणी वर्षाचा बराच काळ ते चालूनही जाईल. पण मुंबई, कोकण आणि गोवा इथे पावसाळ्यात हवेशीर म्हणजे चार महिने पाणी आत घेणे. एमडीएफऐवजी शक्य तिथे सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) वापरावा, कारण तो पाणी शोषत नाही. एमडीएफच हवा असेल तर त्याच्या कापलेल्या कडांसह सर्व बाजूंना पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन हात द्यावेत. काच आणि पहिला थर यांत किमान पाच मिलिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे एखाद्या वेळी दव धरलेच तरी ते कागदाला लागणार नाही. मागची पाटी ग्लूने न चिकटवता स्क्रूने बसवावी, आणि एका कोपऱ्यात ५० ग्रॅम सिलिका जेल मावेल असा, पुढच्या कप्प्याकडे जाळीने उघडा आणि मागून झाकण काढता येईल असा खण ठेवावा. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्यावेत. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते हाताळणे योग्य नाही. रंग बदलला की दाणे काढून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवावेत. ते पुन्हा वापरता येतात.

ओलेपणाचा भास हा या चित्रपटाच्या दृश्यांचा प्राण आहे. खऱ्या पावसात, एकाहून अधिक पावसाळ्यांत त्याचे चित्रीकरण झाले, आणि पेटीतला वाडा कोरडा ठणठणीत दिसला तर काहीतरी हरवल्यासारखे वाटते. तो भास पाण्याच्या पायावर बनलेल्या जाड जेलने आणू नये, कारण दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर आतून दुधाळ राहतो आणि महिनोन्‌महिने बाष्प सोडतो. पायऱ्यांवर आणि कौलांच्या उतारावर चमकदार वॉर्निश, बाजूच्या भिंतीवर मंद चमकीचे वॉर्निश, आणि केवळ पागोळ्यांच्या टोकाशी यूव्ही रेझिनचे (अतिनील उजेडात घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाचे) चार-पाच थेंब एवढ्याने भिजल्याचा भास पुरेपूर होतो. वॉर्निश नेहमी गडद रंगावरच लावावे, फिकट रंगावर ते पाण्यासारखे न दिसता प्लॅस्टिकसारखे दिसते.

पेटी भेट म्हणून परदेशी, थंडीत घर तापवणाऱ्या प्रदेशात जाणार असेल, तर अडचण उलट दिशेने येते. तिथल्या कोरड्या हवेत कागद आकसतो, आणि चारही बाजूंनी घट्ट चिकटवलेला थर मधून फाटतो किंवा वाकतो. अशा पेटीत प्रत्येक थर फक्त वरच्या कडेला पक्का करावा, बाकीच्या तीन कडा खाचेत मोकळ्या सोडाव्यात आणि खाचेत दोन मिलिमीटरची सैल जागा ठेवावी.